समुद्र खालच्या अंगाला आहे

जेनोव्हातल्या त्या बाईला मी रस्ता विचारला नाही, हे अजून मधूनच टोचतं. तसं बघायला गेलं तर काहीच घडलं नव्हतं. मद्दालेना गल्लीला फुटलेल्या एका बोळाच्या तोंडाशी, उघड्या दारात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ती बसली होती. साठी ओलांडलेली असावी. केस व्यवस्थित सेट केलेले, ओठांवर गडद लिपस्टिक, पायात घरातल्या सपाता आणि मांडीवर स्टीलचं भांडं, त्यात ती जाड हिरव्या शेंगा सोलत होती. शेंग मोडायची, अंगठा आतून फिरवायचा, दाणे भांड्यात, साल पायाशी ठेवलेल्या पिशवीत, आणि हे सगळं खाली न बघता, कारण बघत ती आमच्याकडे होती. आम्ही म्हणजे मी आणि नवरा, दोघंही पन्नाशीपुढचे, पाठीला सॅक, हातात फोन, आणि तिच्यासमोरून एवढ्यातल्या एवढ्यात परत परत जाणारे. शेवटी मी तिला ओलांडून पुढे गेले आणि चार दुकानं सोडून असलेल्या मोबाईल रिपेअरच्या गाळ्यात शिरून तिथल्या बांगलादेशी मुलाला हिंदीत रस्ता विचारला. ती हाताच्या अंतरावर बसलेली असताना. का, ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि आजूबाजूच्या दारांत उभ्या असलेल्या बाकीच्या बायका तुम्ही बघितल्या असत्या तर तुम्हालाही वेगळं सांगायला लागलं नसतं.

तिलाही कळलंच असणार.

आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. मुलगी मिलानला नोकरी करते, तिच्याकडे एप्रिलमध्ये राहायला गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी ती बरोबर असायची, एरवी आम्ही दोघंच इकडेतिकडे. तीच म्हणाली की तुम्ही जेनोव्हाला जाऊन राहून या, ट्रेनने दोन तासही लागत नाहीत, व्हेनिसला काय नुसती माणसंच माणसं. आणि निघताना दारात उभं राहून वर सांगितलं, "आई, तिकडे बाबाला मॅप बघत बसू देऊ नकोस हां, तिकडे हरवायचं असतं." आता हे हरवायचं असतं प्रकरण मी इतक्या जणांकडून ऐकलंय, इतक्या रील्समध्ये बघितलंय की माझ्या डोक्यात जातं. इटलीतल्या कुठल्याही जुन्या शहराचं नाव काढा, कोणीतरी डोळे मिटून सांगणारच की तिथे बघायचं असं काही नाही, तिथे नुसतं हरवायचं. अरे पण हरवायची हौस परवडते कोणाला? ज्याच्या खिशात रात्रीच्या खोलीची किल्ली आहे, फोनला चार्ज आहे, जो सातच्या जागी नऊला पोचला तरी ज्याचं काही अडत नाही, त्याला. त्याला ते हरवणं म्हणून मोजायचंच कशाला, तो फिरायला निघालेला माणूस आहे. मी आयुष्यात हौसेने कधी हरवले नव्हते. आमच्या लहानपणी हरवणं ही धमकी होती.

मी ठाण्याची. दिवाळीच्या आधी आईबरोबर जांभळी नाक्याला खरेदीला जायचो तेव्हा बाजारात शिरायच्या आधीच आईचं सुरू व्हायचं, की हात सुटला तर रडत उभी राहू नकोस, कोणी काही खायला दिलं तर घेऊ नकोस, सरळ तलावावर ये आणि कोपिनेश्वराच्या दाराशी थांब. आणि एकदा खरंच सुटला हात. झेंडूचे ढीग, उटण्याचा वास, सगळीकडे कमरेच्या उंचीवर लोंबणाऱ्या पिशव्या, कारण त्या वयात गर्दी म्हणजे पिशव्याच दिसतात, माणसं दिसत नाहीत. पण तलाव कुठल्या बाजूला हे पायांना माहीत होतं, ते मला बरोबर घेऊन गेले. आई आधीच पोचलेली, हातात कंदिलाच्या कामट्या घेऊन. मला वाटलं आता पोटाशी धरेल. तिने खाली बघितलं आणि विचारलं, "दुसरी चप्पल कुठाय?"

जेनोव्हात तलाव नाही, उतार आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच इतकी कमी की गाव उतारावरच ओतलेलं आहे, आणि जुन्या गावातल्या अरुंद बोळांना, तिकडे त्यांना कारुज्जी म्हणतात, आडवं-उभं असं काही वळण नाही. पहिल्याच सकाळी बेकरीत फोकाच्चा घेताना काउंटरवरच्या बाईला आम्ही फोनवरचा नकाशा दाखवला तर तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेलकट हात एप्रनला पुसला, एक बोट खाली केलं आणि समुद्र म्हणाली, एक वर केलं आणि डोंगर म्हणाली, संपलं. (तिच्या दुकानातले लोक तो खारा फोकाच्चा कॅपुचिनोमध्ये बुडवून खात होते. आम्हीही बुडवला. चांगला लागतो, विश्वास ठेवा.) तर पायाखालची जमीन उतरते आहे का चढते आहे एवढं लक्षात ठेवायचं, उतरत राहिलं की बंदर येणार. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं की खाली जाणारी गल्ली मध्येच पायऱ्या चढायला लागते, पायऱ्यांवरून वळलं की एका कमानीखालून सपाट चौकात येतो, त्या चौकातून फुटणारे बोळ सगळे सारखेच काळे, आणि कुठला खाली जातो ते आत शिरल्याशिवाय कळत नाही. आणि एवढं सगळं करून एकदाचं खाली पोचलं तरी समुद्र दिसतच नाही. आधी सोत्तोरीपाच्या कमानींची लांबलचक रांग, बाराव्या शतकापासूनची, मग डोक्यावर 1965 साली बांधलेला उंच फ्लायओव्हर, त्यावरून धाडधाड जाणाऱ्या गाड्या, मग पार्किंग, मग मत्स्यालयाची रांग, आणि त्याच्यापलीकडे पाणी. 1992 मध्ये कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षं झाली म्हणून इथे एक्स्पो भरला, त्यासाठी रेन्झो पियानोने, तो इथलाच, हे जुनं बंदर लोकांना चालायला मोकळं केलं. त्याच्याआधी तर गावातल्या माणसाला गावचा समुद्र बघायला मिळणंही अवघड असणार.

बोळांचं वर्णन करणं अवघड आहे कारण ते डोळ्यांना फार कमी दिसतात. दोन्ही बाजूंना सहा-सहा, सात-सात मजली घरं, मध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढी वाट, काही ठिकाणी तेवढीही नाही. दोन घरं एकमेकांच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये वरच्या वर आडव्या छोट्या कमानी टाकलेल्या. त्याच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर धुणं, आणि धुण्याच्या वर कुठेतरी आकाशाची एक पट्टी. दुपारी बारालाही खाली संध्याकाळ. त्यामुळे मग नाक कामाला लागतं. ओला दगड, मग ब्लीच, मग तळणीचा वास, मग मुताचा, स्पष्टच सांगते, मग कोणाच्या तरी खिडकीतून तुळशीसारख्या त्यांच्या बेझिलचा आणि लसणीचा, मग धूप-जिरं-सुकी मासळी असा एकत्र, म्हणजे सेनेगलच्या किंवा बांगलादेशच्या कोणाचं तरी किराणा दुकान. कोपऱ्याकोपऱ्यांवर वरच्या अंगाला कोनाड्यात मेरीच्या मूर्ती आहेत. पूर्वी रात्री त्यांच्यापुढे दिवा लावायचे आणि बोळाला उजेड म्हणून तेवढाच असायचा. आता काही कोनाडे रिकामे दिसतात, बऱ्याच मूळ मूर्ती म्युझियममध्ये नेऊन ठेवल्या आहेत. आणि दारांवरच्या काळ्या स्लेटच्या पट्ट्यांवर कोरलेला सेंट जॉर्ज, घोड्यावर बसून ड्रॅगनला भाला मारताना. त्याच्या खाली इंटरकॉमची बटणं, आणि त्यावर इक्वेडोरपासून ढाक्यापर्यंतची आडनावं.

नवऱ्याचा मात्र सगळा भरवसा फोनवर. आणि फोनने त्या गावात हात टेकले होते. उंच भिंतींमधल्या फटीत उपग्रहाचा सिग्नल सरळ येतच नाही, भिंतींवर आपटत आपटत येतो, त्यामुळे मॅपवरचा निळा ठिपका बेडकागत एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत होता. "अगं, आपण आत्ता चर्चमध्ये आहोत," असं तो एका मटणाच्या दुकानासमोर उभा राहून गंभीरपणे सांगत होता. त्यात घरांचे नंबर. आम्ही जिथे खोली घेतली होती त्या मालकिणीने मेसेजमध्ये ठळक अक्षरात पाठवलं होतं, नऊ नंबर, काळा. तिकडे गेल्यावर उलगडा झाला. प्रत्येक गल्लीत नंबरांच्या दोन माळा चालतात, राहत्या घरांचे नंबर काळे आणि दुकानांचे लाल, आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. काळ्या नऊच्या शेजारी लाल एकतीस, त्याच्याशेजारी लाल तेहेतीस, मग पुढे बरंच चालल्यावर काळा अकरा. फ्लॉरेन्सलाही असंच आहे. एक कुरिअरवाला पोरगा हातात खोकं घेऊन आमच्यासमोर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत फोनवर कोणावर तरी खेकसत होता, त्यातलं रोस्सो आणि नेरो एवढं आम्हाला कळलं आणि त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

ह्या सगळ्यात मजा आली नाही असं म्हणणार नाही. आली. वाट चुकत चुकत आम्ही कापरेत्तारी नावाच्या बोळात आलो आणि तिथे एवढुसं, फार तर आपल्या बाथरूमच्या आकाराचं एक न्हाव्याचं दुकान, पण काय दुकान! दारं, खिडक्या, भिंती, सगळं निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगीत काचांचं, 1922 मधलं, आर्ट डेको. आत एक-दोन खुर्च्या, आरसे आणि एवढ्याशा जागेत इतकी ऐट. इटलीतली वारसा जपणारी संस्था ते आता सांभाळते. नवरा काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं आता हा दाढी करूनच हलणार. किंवा बांकी चौकातलं सान पिएत्रोचं चर्च, जे पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली दुकानं. सोळाव्या शतकाच्या शेवटी ते नव्याने बांधायला काढलं तेव्हा पैशाची सोय म्हणून खाली गाळे काढून विकले. हे वाचून आम्हा दोघांनाही तिथल्या तिथे हसू फुटलं, ठाण्यात अर्ध्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट ह्याच हिशोबावर चाललंय. आणि फारिनाता! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑईल, तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून खरपूस, आतून मऊ. सोत्तोरीपाच्या कमानीखाली कागदावर घेऊन उभ्यानेच खाल्ला. दुकानदाराने आम्हाला इंग्रजीत समजावायला सुरुवात केली की हे चणे असतात ना त्यांचं पीठ, आणि आम्ही दोघं माना डोलावत राहिलो, त्याला कशाला सांगा.

सान लोरेन्झोच्या कथीड्रलमध्ये एक तोफगोळा ठेवलाय. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश आरमाराने समुद्रातून शहरावर मारा केला, त्यातला एक गोळा कथीड्रलच्या आत येऊन पडला आणि फुटला नाही. त्यांनी तो, म्हणजे तसलाच गोळा, उजवीकडे भिंतीशी उभा करून ठेवलाय, शेजारी मेणबत्त्या. उंचीला माझ्या छातीपर्यंत तरी असेल. लोक येतात, मेणबत्ती लावतात, गोळ्याकडे एकदा बघतात, जातात.

त्याच उतारावरून खाली आलं की बंदराजवळ पालाझ्झो सान जॉर्जो लागतो. समुद्राच्या बाजूची भिंत अख्खी चित्रांनी रंगवलेली, मूळ इमारत 1260 ची, पुढे शेकडो वर्षं इथे बँक होती, आता बंदराचं ऑफिस. आणि बँकेच्याही आधी इथे कैदी ठेवत. व्हेनिस आणि जेनोव्हाची लढाई चालू असताना मार्को पोलो जेनोव्हाच्या हाती लागला आणि तो याच इमारतीत कैदेत होता असं परंपरेने सांगतात. 1298 मध्ये त्याने आपल्या प्रवासाची हकीकत एका सहकैद्याला सांगितली, पिसाचा रुस्तिकेल्लो, त्याने ती लिहून काढली. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मला हे माहीत नव्हतं की त्या हकीकतीत ठाणं आहे. ठाण्याचं राज्य, असं वेगळं प्रकरणच आहे, तिथला धूप, कमावलेलं चामडं, सुती कापड, आणि समुद्रावरचे चाचे, ज्यांच्याशी तिथल्या राजाचं साटंलोटं होतं, लूट तुमची पण जहाजात घोडे मिळाले तर ते सगळे माझे. मार्को पोलो स्वतः ठाण्याला उतरला होता की ऐकीव सांगत होता यावर जाणकारांचं काही एकमत नाही. नवऱ्याला मी हे फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "घोडे उतरवून घ्यायचे? म्हणजे घोडबंदर रोडच की. तिथली भानगड तेव्हापासूनची आहे तर." आम्ही त्या रंगवलेल्या भिंतीखाली उभे राहून खूप वेळ हसलो, डोक्यावरून फ्लायओव्हरच्या गाड्या जात होत्या, आणि मग मला जरा कसंतरी झालं. कुठल्यातरी कोठडीत, बाहेर पडायची सोय नसलेला माणूस, दुसऱ्या कैद्याला रस्ते सांगतोय. इकडून इतक्या दिवसांच्या वाटेवर हे शहर, तिकडून इतक्या दिवसांवर ते. आणि त्यात माझं गाव.

त्या रुस्तिकेल्लोची मंडळी आम्हाला नंतर भेटली, तीही चुकूनच. सार्झानो चौकाकडून परत येताना एका उताराने फसवलं आणि आम्ही काम्पो पिसानोत उतरलो. 1284 मध्ये मेलोरियाच्या आरमारी लढाईत जेनोव्हाने पिसाचा पार धुव्वा उडवला आणि हजारोंनी कैदी इथे आणले. बहुधा रुस्तिकेल्लोही त्यातलाच. कैदेत मेले त्यांना गावाच्या भिंतीबाहेर ह्या जागी पुरलं. आता तिथे गुलाबी-पिवळी उंच घरं, जमिनीवर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी, आणि त्या नक्षीवर दोन पोरं फुटबॉल भिंतीवर आपटत होती. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, पोरं थांबली, खिडकी बंद झाली, पोरं परत सुरू. आम्हाला बाहेर कुठून जायचं ते विचारायचं होतं पण त्यांचा खेळ मोडवेना.

आता मद्दालेना.

जेनोव्हातला सगळ्यात श्रीमंत रस्ता म्हणजे व्हिया गारिबाल्दी, सोळाव्या शतकात इथल्या सरदार-सावकार घराण्यांनी मुद्दाम नवीन, सरळ आखून घेतलेला. दोन्ही बाजूंना महालच महाल. सरकारी पाहुणा आला की त्याची उतरायची सोय कुणाकडे हे ठरवायला अशा महालांच्या याद्या केलेल्या होत्या, त्यांना रोल्ली म्हणत, त्या यादीतले 42 महाल 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. रुबेन्सने, चित्रकार रुबेन्सनेच, ह्या महालांच्या नकाशांचं पुस्तक 1622 मध्ये काढलं, इतके त्याला आवडले. तर आम्ही हा रस्ता शोधत होतो. आणि त्याच्या बरोबर खालच्या अंगाला, त्याला समांतर, महालांच्या मागच्या भिंतींना लागून मद्दालेनाची गल्ली जाते. मध्ये अंतर म्हणाल तर एखाद्या इमारतीएवढं. वर संगमरवरी जिने आणि खाली फोन रिपेअर, केसांचे गंगावन विकणारी दुकानं, पैसे घरी पाठवायची सोय, कायम अर्धं खाली ओढलेलं शटर, आणि दारांत उभ्या बायका, दिवसाउजेडी. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच आहे म्हणे, बंदराचं गाव आहे. कोणी आम्हाला काही म्हणालं नाही, कोणी वाटेत आलं नाही. तरी नवऱ्याने सॅक पाठीवरून छातीवर घेतली आणि मी माझी पर्स काखेत दाबली आणि दोघांनीही एकमेकांनी हे केलेलं बघितलं आणि काही बोललो नाही. ज्या बायका उभ्या होत्या त्यांच्यापैकी काही जणी रंगाने माझ्यासारख्याच होत्या. एकीने माझ्या कुर्त्याकडे बघून मान हलवली, छान आहे अशा अर्थी असावी. मी हसले का? आठवत नाही.

आणि मग ती खुर्ची, ते भांडं, त्या शेंगा. परत खुर्ची. परत खुर्ची.

तर मी त्या बांगलादेशी पोराला विचारलं. तो टाचणीएवढे स्क्रू बशीत ठेवून एका फोनचं पोट उघडून बसला होता. "गारिबाल्दी? ऊपर है, एकदम पास में," तो म्हणाला, "लेकिन गली का नाम... रुकिए." आणि तो उठून दुकानाबाहेर आला, डावी-उजवीकडे बघितलं, आणि चार पावलं मागे जाऊन सरळ तिलाच विचारलं. सिन्योरा, व्हिया गारिबाल्दी? तिने हातातली शेंग उचलून तिच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर दाखवली. तिथे एक कमान होती, कमानीत अंधार, अंधारात पायऱ्या. आम्ही इतक्या वेळा तिच्यावरून गेलो होतो आणि ते कोणाच्यातरी घराचं दार समजत होतो. मग तिने त्या पोराला काहीतरी सांगितलं, चांगली दोन-तीन वाक्यं, आणि तो हसला, तीही हसली, दात दाखवून, मनापासून. मी मोठ्याने ग्रात्सिए म्हणाले, गरजेपेक्षा जास्तच मोठ्याने. तिने मानेने ठीक आहे केलं आणि पुढची शेंग मोडली. पायऱ्या चढायला एक मिनिटही लागलं नाही. वर आलो तर एकदम ऊन, रुंद फरशी, गाईडच्या छत्रीमागे चाललेला जर्मन म्हाताऱ्यांचा ग्रुप.

ती काय म्हणाली असेल यावर मी नंतर फार विचार केला. नवऱ्याचं म्हणणं की काय म्हणणार, हे दोघं मघापासून घिरट्या घालतायत म्हणाली असेल. असेलही. पण ती हसली ते नुसत्या घिरट्यांना नव्हतं असं मला वाटतं. कोण कोणाला विचारतं आणि कोणाला ओलांडून पुढे जातं, हे त्या खुर्चीवरून तिने माझ्यासारख्या किती जणींचं बघितलं असेल. त्या गल्लीचा तिच्याइतका जाणकार दुसरा कोणी नव्हता, हे त्या पोराला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं असंही नाही. वरच्या रस्त्यावरच्या पालाझ्झो रोस्सो नावाच्या महालाच्या दालनात उभी राहून छतावरची चित्रं बघताना माझं लक्ष खिडकीकडे होतं. मागच्या बाजूची खिडकी, खाली छपरं, एक दोरी, तिच्यावर वाळत घातलेलं फुलाफुलांचं बेडशीट. त्या छपरांच्या खाली कुठे ती खुर्ची असेल याचा अंदाज काही लागेना.

निघायच्या दिवशी पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोच्या लिफ्टने वर गेलो. जेनोव्हात लिफ्ट सार्वजनिक वाहन आहे, लोक भाजीच्या पिशव्या घेऊन तिच्यात उभे असतात. ही 1909 ची. डोंगराच्या पोटात एक टाइल्स लावलेला बोगदा, त्यातून आत जायचं, एक आजोबा आणि त्यांचा म्हातारा कुत्रा यांच्याबरोबर दाटीवाटीने उभं राहायचं, आणि दार उघडतं ते एकदम आभाळात. खाली अख्खं जुनं गाव, करड्या स्लेटची छपरं एकाला एक चिकटून, मधून घंटाघरं, लांब बंदरातल्या क्रेन, आणि उजवीकडे 1543 पासून उभं असलेलं 77 मीटर उंच दीपगृह. समुद्रही एकदाचा दिसला, भरपूर दिसला. बोळ मात्र एकही दिसत नव्हता. मी कठड्यावरून वाकून वाकून बघितलं, एवढे सगळे बोळ कुठे गेले, मध्ये एक रेघसुद्धा नाही, छपरांवरून चालत बंदरापर्यंत जाता येईल असं वाटत होतं.

नवऱ्याने सवयीने फोन काढला. निळा ठिपका एका जागी, अगदी कठड्याच्या रेषेवर, जराही न हलता. "बघ, आता कसा बरोबर दाखवतोय," तो म्हणाला आणि स्क्रीनशॉट काढून मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, हरवलात की नाही? तो टाइप करायला लागला, मी म्हटलं थांब, फोन करून सांगू. मग ट्रेनमध्ये तिला फोन केला आणि फारिनाता, न्हाव्याचं दुकान, घोडबंदर, सगळं सांगितलं. शेंगांचं काही सांगितलं नाही. तिला काय वाटेल म्हणून नाही, पण तिने लगेच विचारलं असतं, की मग तू तिलाच का नाही विचारलंस?